बा कंपनी म्हाराजा

समुद्राबद्दल कुरकुर करणारं माणूस आमच्या किनाऱ्यावर घरटी एक सापडेल. कुणाला त्याचा आवाज सोसत नाही, कुणाला खारं वारं, आणि कुणाच्या माडांच्या मुळाशी तो दरवर्षी हातभर पुढे सरकत येतो. पण समुद्राला भरती येत नाही अशी लेखी तक्रार करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा मेव्हणा आहे. हे मी अंदाजाने म्हणत नाही. मी कट्टा गावच्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो, अंदाजाने बोलायची मला सवय नाही. त्या तक्रारींची इंग्रजी पत्रं मी स्वतः लिहिली आहेत आणि त्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत.

मेव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पन्नाशी ओलांडलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, उंचीने बेताचे आणि आवाजाने अफाट. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर, इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालणारा ऑइलर म्हणून काढली. गोव्याचा एक आचारी त्याच बोटीवर होता. त्याने त्यांना व्हिडिओ गेम खेळायला शिकवलं आणि पुढे कुठल्याशा बंदरात एक जुनं यंत्रही स्वस्तात मिळवून दिलं. बोट सुटली, यंत्र सुटलं नाही. आता ते तोंडवलीला आईवडिलांच्या जागेत राहतात, किनाऱ्याच्या अंगाला दोन खोल्या बांधून पर्यटकांना देतात, माशांचं जेवण स्वतः रांधतात, आणि उरलेल्या वेळात जगातल्या तमाम गेम कंपन्यांवर नाराज असतात. गेम आवडतात म्हणून ते खेळतात की तक्रारीला जागा मिळते म्हणून, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

नवा गेम आला आणि त्यात समुद्र असला की मेव्हण्यांचं पहिलं काम ठरलेलं. गेममधल्या माणसाला राजकन्या सोडवायची असो की राज्य वाचवायचं असो, ते त्याला आधी चालवत किनाऱ्यावर नेतात आणि वाळूत उभा करून ठेवतात. मग स्वतः चहा घेऊन समोर बसतात. पाणी वर येतं का, खाली जातं का, हे बघतात. तासाभरात पाण्याची रेघ हलली नाही की तो गेम त्यांच्या लेखी निकालात निघाला. एकदा मी समोर होतो. पडद्यावर आकाशात परातीएवढा चंद्र होता आणि खाली पाणी जसंच्या तसं. मेव्हणे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पुनवेक पाणी हंय आणि अवसेकय हंय? बनवणारो घाटावरचो असतलो." तो गेम जपानमध्ये बनला होता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी जपानलाही घाट असणारच असं शांतपणे सुनावलं.

भरतीच्या खालोखाल त्यांचा राग मासळीबाजारावर. गेममध्ये मासा पकडायचा आणि बंदरावरच्या व्यापाऱ्याला विकायचा असतो. तो व्यापारी बारा महिने एकाच जागी उभा, एकाच दराने मासा घेतो, कुरकुर करत नाही, माशाचा कल्ला उचलून बघत नाही. मेव्हण्यांना हे सहनच होत नाही. रोज सकाळी मासे घ्यायला गेल्यावर तिथल्या बायकांशी अर्धा तास वाद घातल्याशिवाय त्यांना मासा ताजा वाटत नाही. सांगितला तो दर मुकाट्याने देणाऱ्या माणसाला ते गिऱ्हाईक मानायला तयार नाहीत, मग व्यापारी कुठून मानणार? शिवाय गेममध्ये भर पावसाळ्यातही मासेमारी चालू असते. ते पाप आपल्याकडून नको म्हणून मेव्हणे स्वतःपुरती बंदी पाळतात. पाऊस सुरू झाला की गेममधली होडी ओढून किनाऱ्यावर घेतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिला हात लावत नाहीत. पौर्णिमेला गेममधल्या सामानातून एक नारळ काढून पाण्यात टाकतात आणि मगच जाळं उचलतात. सोमवारी मासा खात नाहीत, आणि पकडतही नाहीत, इथेही आणि तिथेही.

याशिवायही गाऱ्हाणी आहेतच. सुरुवातीलाच गेम तुम्हाला चालायला शिकवतो, हे बटण दाबा म्हणजे पुढे जाल, ते दाबा म्हणजे उडी माराल. मेव्हण्यांना हा सरळ अपमान वाटतो. खलाशाला आणि इंजिनातल्या माणसाला शिडी कशी चढायची हे सांगावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी पैसे मोजले की गेमची डबी घरी यायची आणि ती आपली असायची. आता पैसे देऊनही मिळते ती फक्त खेळायची परवानगी. कंपनीच्या मनात येईपर्यंत खेळा. यावर त्यांचं मत तज्ज्ञाचं आहे, कारण ते स्वतः खोल्या भाड्याने देतात. भाडेकरूला भाडेकरू म्हणावं, त्याला मालक म्हणून हार घालू नये, एवढंच ते म्हणतात. आणि गेममधल्या माणसाच्या टोपीला वेगळे पैसे मागतात, यावर तर ते बोलतच नाहीत, नुसते डोक्यावरचा टॉवेल काढून झटकतात.

अपडेट हा प्रकार मात्र त्यांना खरोखरच छळतो. दिवसभराची कामं आटोपून, पाहुण्यांना वाढून, हात पुसून ते बसतात आणि यंत्र म्हणतं की आधी एवढा एवढा मजकूर उतरवून घ्या. तोंडवलीचं नेटवर्क म्हणजे माडाच्या झावळीवर अवलंबून. एकदा त्यांनी मला फोन करून आकडे दिले. मजकूर किती आणि वेग किती हे बघून मी भागाकार केला, तर गेम पुढच्या महिन्याच्या संकष्टीला सुरू होत होता. दुसऱ्या दिवशी मेव्हणे यंत्र घेऊन कट्ट्याला आमच्या घरी हजर. आमच्याकडे नेट बरं आहे. यंत्राला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ते लुंगीत गुंडाळून मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत घातलं होतं, आणि एसटीतून येताना तीन बायकांनी पेटीत काय आहे आणि वाटा कसा दिला ते विचारलं होतं. माझ्या बायकोने पेटीचा वास घेतला आणि ती सरळ मागच्या पडवीत ठेवायला लावली. त्यामुळे तो अपडेट पडवीत, पाट्या-वरवंट्याशेजारी उतरला.

आणि चालू असलेला गेम थांबवता येत नाही, ही आणखी एक तक्रार. जिथे जगभरची माणसं एकाच वेळी खेळत असतात, तिथे तुमच्या दारात पाहुणे आले म्हणून कोणी थांबत नाही. एकदा कोल्हापूरचं एक जोडपं सामान घेऊन दारात उभं राहिलं तेव्हा मेव्हणे वादळातून गलबत आणत होते. त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं की जरा थांबा, बंदराला लावतो. पाहुण्यांना मोठं कौतुक वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, तुमची स्वतःची बोट आहे का. मेव्हण्यांनी खरं तेच सांगितलं, की चार होत्या, आत्ताच एक बुडाली. त्या दोघांनी दोन दिवस त्या घरात सुतक असल्यासारखं दबक्या आवाजात जेवण केलं, आणि कोलंबी परत मागायलाही त्यांना संकोच वाटला.

आता पत्रांविषयी. मेव्हण्यांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की आमच्याकडे देवापुढे मागणं असं गपचूप मनातल्या मनात मागत नाहीत. मानाचा माणूस उभा राहतो, देवाला हाक मारून सगळ्या गावाच्या वतीने खड्या आवाजात अडचण सांगतो, आणि तो श्वासाला थांबला की जमलेले सगळे एका तोंडाने "व्हय म्हाराजा" म्हणतात. वाक्य कुठलंही असो, थांबा आला की शब्द आपोआप तोंडातून निघतो. लहानपणापासून कानांना तशी सवयच लागलेली असते. मेव्हण्यांना त्यामुळे तक्रार करायची दुसरी पद्धतच माहीत नाही. वीज मंडळाच्या कचेरीत ते प्रमाण मराठीत बोलायला जातात आणि दुसऱ्या वाक्याला गाऱ्हाण्यात शिरतात. कंपन्यांचंही तसंच. माझ्या टेबलासमोर उभे राहून, टॉवेल खांद्यावर टाकून ते सांगायचे आणि मी उतरवून घ्यायचो:

"बा कंपनी म्हाराजा, तू खंयच्या मुलखात आसस ता माका म्हायत नाय, पण जंय आसशीत थंय माझा ह्या आयक. तुझ्या समुद्राक भरती नाय, सुकती नाय. ह्येच्यात जी काय चूकभूल झाली आसात ती सुदार, आणि तुझ्या कारागिरांका एकदा तरी दर्यो दाखय."

माझं इंग्रजी पतसंस्थेतलं. मला कर्जदाराला नोटीस लिहिता येते, देवाला गाऱ्हाणं लिहिता येत नाही. त्यामुळे कंपनीला जे जायचं ते असं, की संदर्भाधीन समुद्रात भरती-ओहोटीची नोंद आढळून येत नाही, तरी सदर त्रुटीची पूर्तता विनाविलंब करावी, अन्यथा पुढील कार्यवाहीस आपण जबाबदार राहाल. उत्तर पाच मिनिटांत यायचं. आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, धन्यवाद. यंत्राने आपोआप धाडलेलं उत्तर आहे हे मी त्यांना समजावून बघितलं. त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. देवळातही माणसं विचार करून कुठे म्हणतात? कंपनी व्हय म्हाराजा म्हणाली, त्यांचं समाधान झालं.

या सगळ्या नाराजीतून सुटलेला एकच गेम होता. तो जुना होता, चित्रं साधी होती, खेळणारे दिवसेंदिवस कमी होत चालले होते. शिडाची गलबतं घेऊन एका बंदरातून माल भरायचा आणि दुसऱ्यात उतरवायचा, मधल्या वेळात होडीतून मासे पकडायचे. भरती त्यातही नव्हती, पण वारा खरा होता, असं मेव्हणे म्हणत. वारा खरा असला तर ते बाकीचं पोटात घालायला तयार होते. तिथे त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं कॅप्टन पेद्रो. त्या गोव्याच्या आचाऱ्याचं नाव. आणि तिथे त्यांना एक सोबती मिळाला होता. त्याचं नाव अँकर.

अँकर कोण, कुठला, हे मेव्हण्यांना ठाऊक नव्हतं. सहा-सात वर्षं दोघं रोज संध्याकाळी शेजारी शेजारी गलबतं हाकत होते. बोलणं टाइप करून, इंग्रजीत. मेव्हण्यांचं इंग्रजी बोटीवरचं, क्रियापदाला फारसं न जुमानणारं. अँकरचं मात्र नीटस आणि मोजकं. त्यावरून मेव्हण्यांनी ठरवलं होतं की हा स्कॉटलंडकडचा एखादा निवृत्त खलाशी असणार. "कमी बोलता, शुद्ध लिवता आणि कोणाक भियेत नाय," असं ते आम्हाला अभिमानाने सांगायचे. पहिल्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी होडी वर घेतली तेव्हा अँकरला दोन शब्दांत कळवलं होतं की पाऊस, मासे बंद. अँकरने बरोबर आहे एवढंच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीही होडी किनाऱ्यावर होती. परदेशी माणूस असून किती समजूतदार, म्हणून मेव्हण्यांनी त्या दिवशी आमच्याकडे फोन करून अर्धा तास त्याचं वर्णन केलं होतं. ते त्याला लिहिताना ब्रदर म्हणत. माझी बायको म्हणायची की दादाला सख्ख्या बहिणीच्या घरी यायला महिना महिना सवड होत नाही आणि त्या न बघितलेल्या ब्रदरसाठी सात वाजता आमटी चुलीवर टाकून जातो. पण त्याला मात्र ती हे कधी बोलून दाखवायची नाही. त्या घरात संध्याकाळी दुसरं कुणी नसतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग एक दिवस कंपनीने जाहीर केलं की गेम बंद होणार. खेळणारे उरले नाहीत, चालवणं परवडत नाही. ठरल्या दिवशी सगळी यंत्रणा बंद होईल आणि तो समुद्र, ती बंदरं, काही म्हणता काही राहणार नाही.

मेव्हणे कट्ट्याला आले तेव्हा त्यांच्या हातात पेटी नव्हती. माझ्यासमोर उभे राहिले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गाऱ्हाणं सुरू केलं, पण दुसऱ्या वाक्याला थांबले आणि खुर्चीवर बसले. तुम्हीच लिहा म्हणाले. मी लिहिलं, माझ्या परीने जरा मऊ लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. या वेळी ते वाचून त्यांचं समाधान झालं नाही. मी त्यांना म्हटलं, गेम जाईल तर जाऊ दे, तुम्हाला माणूस हवा आहे ना. मग त्याचा फोन नंबर मागून घ्या, पत्ता मागून घ्या, विषय संपला.

"भावोजी, मागूक होयो ता माका कळता," ते म्हणाले. "पण नाय म्हटल्यान तर?"

पुढचे दोन आठवडे ते रोज तो प्रश्न टाइप करायचे आणि पाठवण्याआधी पुसून टाकायचे. हे त्यांनीच माझ्या बायकोला सांगितलं. अँकरनेही काही विचारलं नाही. दोघं रोज शेवटची शेवटची म्हणून एकेका बंदराला जाऊन येत होते आणि वाऱ्याबद्दल बोलत होते.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं तोंडवलीला गेलो. कंपनीच्या देशात तेव्हा सकाळ, आपल्याकडे दिवेलागण. बायकोने घरून सुरमईचं कालवण नेलं होतं. ते तसंच झाकून राहिलं. पडद्यावर एक मोठं बंदर होतं आणि त्यात होती नव्हती तेवढी सगळी गलबतं जमली होती. लोक आपापल्या भाषेत निरोपाचं काहीबाही लिहीत होते. वरच्या कोपऱ्यात उरलेला वेळ उलटा मोजला जात होता. मेव्हण्यांच्या गलबताशेजारी करड्या शिडाचं एक गलबत उभं होतं. ते अँकरचं. अँकरने लिहिलं की तुझ्यासोबत प्रवास चांगला झाला, कॅप्टन. मेव्हण्यांनी उत्तर लिहायला बोटं ठेवली आणि ती तिथेच राहिली. एक अक्षर पडेना. वेळ चालला होता. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं, आणि मी घड्याळ बघूनच जगणारा माणूस आहे.

तेव्हा माझी बायको मागून म्हणाली, "दादा, लिवतंस कित्याक? गाऱ्हाणा घाल."

त्या गेममध्ये आसपासच्या गलबतांशी तोंडाने बोलायची सोय होती. मेव्हण्यांनी ती कधी वापरली नव्हती. खेळताना बोलणं हे आरडाओरडा करणाऱ्या पोरांचं काम, असं त्यांचं मत. आता त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि ते उठून उभे राहिले. टॉवेल खांद्यावर घेतला, डोळे मिटले, आणि देवळात लागतो तोच आवाज लावला. मला वाटतं, त्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

"बा दर्या म्हाराजा, आज तुझी जी काय लेकरा तुझ्या बंदरात जमली हत, त्येंका तू इतकी वर्सा सांबाळलंस."

ते थांबले. बायको आणि मी सवयीने व्हय म्हाराजा म्हणालो. बंदरात कुणीतरी हसलं, कुणीतरी परक्या भाषेत काही विचारलं.

"आता तुझा ह्या पाणी आटतला. तर ज्येचो कोण सोबती आसात, त्येची आणि त्येची ताटातूट करू नको, रे म्हाराजा."

ते पुन्हा थांबले. आणि या वेळी आमच्याआधी पडद्यातून आवाज आला. बाईचा, पिकलेला, स्वच्छ आवाज.

"व्हय म्हाराजा."

मेव्हण्यांनी डोळे उघडले आणि ती आवाज बदलून थट्टा करते असं वाटून रागाने माझ्या बायकोकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवून पडद्याकडे बोट केलं. करड्या शिडाच्या गलबतावर बोलणाऱ्याची छोटी खूण चमकत होती. मेव्हणे पडद्याशी वाकले. त्यांनी विचारलं, "खंयसून?"

"जामसंड्यासून," अँकर म्हणाली. म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरून.

जामसंड्यात कुठे, एवढं मेव्हण्यांनी विचारलं आणि पडदा काळा झाला.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर बसवून जामसंड्याला नेलं. आमच्याजवळ नाव नव्हतं, घर माहीत नव्हतं, फक्त एक आवाज होता. मेव्हण्यांनी पहिल्या दोन दुकानांत गेम खेळणाऱ्या बाई कुठे राहतात असं विचारलं आणि लोकांनी आम्हाला नीट निरखून बघितलं. तिसऱ्या ठिकाणी मला सुचलं की त्या बाईलाही नेटचा त्रास असणारच. मग आम्ही इंटरनेटच्या वायरी जोडून देणाऱ्याचं दुकान गाठलं. मी प्रश्न पुरा करायच्या आत त्याने कपाळाला हात लावला. त्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, मुलगा परदेशात आहे, आणि वेग कमी झाला की महिन्यातून दोनदा दुकानात येऊन त्याला उभं करून जाब विचारतात. घराची खूण त्याने आनंदाने सांगितली. बाईंना कुणीतरी समजवायला आलं असं त्याला वाटलं असावं.

बाई ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. सत्तरीच्या घरातल्या, पांढरी बारीक वेणी, चष्मा. मेव्हणे पायरीखाली उभे राहिले. मी आमची ओळख सांगणार होतो, पण बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि मेव्हण्यांना वर्गात उभं केल्यासारखं खालून वर बघितलं.

"कॅप्टन? माका वाटला, तू पोर्तुगीज आसस."

"माका वाटला, तुमी बापयमाणूस," मेव्हणे म्हणाले.

बाई हसल्या. मग त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा केला, आणि खरं सांगायचं तर पुढचा पाऊण तास कुणी फारसं बोललं नाही. मी पावसाचं बोललो, आंब्याचं बोललो. ज्या दोघांनी सहा-सात वर्षं रोज गप्पा मारल्या होत्या ते दोघं समोरासमोर बसून कपबशीकडे बघत होते. परत येताना स्कूटरवर मागून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारून विचारलं, "भावोजी, तिका मी ब्रदर म्हणा होतंय. आता काय म्हणू?"

मी म्हटलं, सगळं गाव बाई म्हणतं, तुम्हीही बाई म्हणा. ते त्यांना पटलं नाही. पण पुढच्या रविवारी ते एकटेच एसटीने गेले, येताना बाईंनी दिलेली कोकमं घेऊन आले, आणि बोलण्यात त्यांचा उल्लेख आक्का असा होता. तेव्हापासून दर रविवारी ते जामसंड्याला असतात. खोलीतल्या पाहुण्यांना त्या दिवशी बाहेर जेवायला सांगतात. नवे गेम दोघांनी एकत्र खेळून पाहिले आणि एकमताने नापसंत केले. कंपन्यांना आता पत्रंही आक्काच लिहितात. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, त्यामुळे माझं ते काम सुटलं.

अलीकडेच मी जामसंड्याला गेलो होतो तेव्हा ओसरीवर दोघांचं कडाक्याचं भांडण चालू होतं. आक्कांनी शाळेतल्या सवयीने फरशीवर खडूने नकाशा काढला होता. त्या बुडालेल्या गेममधला सगळा किनारा, बंदरं, खाड्या, दीपगृह, वाऱ्याचे बाण, सगळं आठवून आठवून. उत्तरेच्या बंदराच्या तोंडाशी एक खडक होता. तो आत शिरताना डाव्या अंगाला होता असं आक्का म्हणत होत्या, आणि उजव्या अंगाला होता, मी त्याच्यावर गलबत फोडलंय, असं मेव्हणे म्हणत होते. आक्का त्यांना नकाशावाचनाचा पहिला धडा ऐकवत होत्या आणि मेव्हणे मास्तरणींना समुद्रातलं काही कळत नाही असं त्यांच्याच ओसरीवर बसून सांगत होते.

मला बघताच दोघांनी मला पंच नेमलं. भावोजी हिशेबाचे माणूस, ते सांगतील, असं मेव्हणे म्हणाले. मी चप्पल काढून त्या नकाशाच्या कडेला उभा राहिलो. आयुष्यभर मी एकाचं म्हणणं आणि दुसऱ्याचं म्हणणं कागदावर तपासून बरोबर काय ते सांगत आलो आहे. आक्कांनी खडू माझ्या हातात दिला. खडक डावीकडे काढावा की उजवीकडे, मला काही ठरवता येईना. तपासून बघायला तो समुद्रच आता कुठे उरलेला नव्हता. मी खडू तसाच धरून उभा राहिलो, आणि ते दोघं माझ्याकडे बघत थांबले.